वरीलप्रमाणे

फ्रीगंजच्या मंडळात भर दुपारी मधुरा महाप्रसादाची यादी कॉम्प्युटरवर चढवत होती. जुन्या रजिस्टरात एका घराचा पत्ता एकदाच असे, खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’. तिनं तिथे खरे पत्ते टाकले. एकच ओळ उरली. नावाच्या रकान्यात ‘पाहुणे’, पत्त्याच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’.

तिनं यादी नावांप्रमाणे लावली. ती ओळ मधुराच्या नावाखाली आली.

वयाप्रमाणे लावली. पाहुण्यांचं वय कोरं होतं, ती ओळ शेवटी जायला हवी होती. तरी मधुराच्याच खाली.

कॉलनीप्रमाणे. फोन नंबराप्रमाणे. तिथेच.

“प्रसादभाऊ, आमच्याकडे कोणी पाहुणे नाहीत. ही एंट्री काढू का?”

मंडळाचे चिटणीस पत्रावळी मोजत होते. “असू द्या न वहिनी. काढली अन् नेमके आले तर? ताट कमी पडायला नको.”

मधुरानं खुर्ची मागे ढकलली, पुन्हा पुढे ओढली. ती स्वतः तर वाढायला उभी राहणार होती, तिचं ताट लागणारच नव्हतं. तिनं आपलीच ओळ काढली.

पाहुणे तिथे थांबले नाहीत. खाली उतरत गेले आणि नानाखेड्याला एकट्या राहणाऱ्या तिच्या लेकीच्या, भार्गवीच्या, नावाखाली जाऊन बसले.

तिनं घाईघाईनं अनडू दाबलं.

मधुराची ओळ परत आली. पाहुणे परत आले नाहीत.