बुधवारची पेस्टी

तिसरा गिअर पुन्हा खरखरला आणि लायल ट्रेगेन्झाने डोळे मिटून घेतले.

"मुठीनं नको रे ढकलू," तो म्हणाला. "दुसऱ्यातून निघालास की क्षणभर थांब. मग दोन बोटांनी हळूच. तिला घाई चालत नाही."

"काका, गाडी आहे की बायको?" डॅरन हसला. गाडी विकत घ्यायची म्हणून तो ॲडलेडहून आला होता. स्टिअरिंगवर तो होता आणि लायल डावीकडे, प्रवाशाच्या जागी.

वीस वर्षांत लायल त्या जागी पहिल्यांदाच बसला होता. चार दारांची, दिसायला संसारी आणि काळजाने शर्यतीची ही गाडी त्याने घेतली तेव्हाच जुनी होती. तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. बोनेटवर कुणी टेकलं तरी हा फडकं घेऊन धावायचा. पण डावा गुडघा कामातून गेला आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं, क्लचचं नाव काढायचं नाही. म्हणून त्याने विकायची जाहिरात दिली.

बायकोने, म्हणजे मर्लने, चालवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने तिला एकदाच शिकवायला घेतलं होतं. गिअर खरखरला, लायल ओरडला, आणि मर्ल भर रस्त्यात उतरून "तुझी गाडी तुलाच लखलाभ!" म्हणत पायी घरी गेली. पुढे ती आपल्या छोट्या, क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीत खूश होती.

"इथं वळणं कुठं आहेत?" डॅरनने विचारलं.

लायलने नाइलाजाने टेकड्यांचा रस्ता दाखवला. खडीने रंग उडतो म्हणून तिकडे त्याने कधी गाडी घातलीच नव्हती.

या भागात समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम घालतात. अख्खा पंजा हलतो तो फक्त जिव्हाळ्याच्या माणसाला. पहिल्याच वळणावर, मागे मेंढ्यांचे कुत्रे बसवलेली एक गाडी आली. चालवणाऱ्या लालदाढ्याने अख्खा पंजा हलवला. ट्रॅक्टरवाल्याने टोपीच काढली. शाळेच्या बसने दोनदा हॉर्न दिला.

"काका, निवडणुकीला उभे राहा तुम्ही!"

"गाडीला ओळखतात सगळे," लायल फुगून म्हणाला. त्यांतल्या एकालाही तो ओळखत नव्हता.

"रोज काढायचात का हो?"

"बुधवार सोडून. बुधवारी माझा दोस्त क्लाइव्ह मला त्याच्या गाडीतून क्लबात नेतो, हिरवळीवर गोळे घरंगळवत बोल्स खेळायला. मग बिअर होते. ती मेली नडते बघ! गुरुवारी स्टिअरिंगमागे बसलो की पोट घासतं, सीट मागे सारावी लागते. म्हणून बुधवारी रात्रीची पेस्टी सोडली मी. आणि आमची मर्ल खिमा-बटाटा भरून पेस्टी भाजते ती अशी, की वास आला तरी माणूस देवाचं नाव घेईल."

घरासमोर गाडी थांबली तेव्हा डॅरनचा चेहरा पडला होता. "बाकी झकास आहे हो. पण तिसरा गिअर गेलाय. गिअरबॉक्स खोलावा लागणार."

"गिअर शाबूत आहे! तुझा हात जड आहे." लायल लालबुंद झाला. पण दाखवणार कसं? गुडघा वाकेना.

मर्ल पेस्ट्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिने दोघांकडे पाहिलं, ट्रे डॅरनच्या हातात दिला आणि एप्रनला हात पुसले.

"उतर, बाळा."

"मर्ल, अगं ही तुझी ऑटोमॅटिक नव्हे!" लायल धडपडत बाहेर आला.

"दिसतंय मला."

ती स्टिअरिंगमागे बसली. न बघताच तिने सीटखाली हात घातला. खट्! गाडी रस्त्याला लागली. पहिला. दुसरा. क्षणभर थांबून तिसरा, आणि कसला म्हणून आवाज नाही. कोपऱ्यावर ती कुत्र्यांची गाडी आडवी आली. लालदाढ्याने पंजा हलवत ओरडून विचारलं, "मर्ल, आज कुठं बुधवार?"

मर्ल गाडी वळवून आली आणि लायलसमोर थांबली. तिने डावीकडचं दार आतून उघडलं. "बस. तुझ्या डाव्या पायाला या बाजूला काही काम नाही."

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तू ओरडतोस."

"मग माझं काय?" ट्रे धरून उभ्या असलेल्या डॅरनने विचारलं.

"तू पेस्टी खा. गाडी विकायची नाही!" लायलचा आवाज आनंदाने चिरकला.

तो आत बसला. मर्लच्या सीटकडे त्याची नजर गेली. ती नेहमीपेक्षा एक खाच पुढे ओढलेली होती. लायलने आपल्या पोटावरून हात फिरवला. वीस वर्षं त्याने बुधवारच्या पेस्टीवर पाणी सोडलं होतं, आणि गुरुवारी त्याचं पोट कधी वाढलंच नव्हतं.