बर्फ नको

"बर्फ फुटला," लाइल म्हणाला आणि टेबलाभोवतीचे तिघे जागच्या जागी थिजले.

डुलूथ शहरातल्या त्याच्या घराच्या तळघरात शनिवारची दुपार चालली होती. खेळ म्हणजे काय, तर लाइलने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि जिवावर बेतलं की फासे टाकायचे. या खेपेची गोष्ट त्याने महिनाभर खपून रचली होती. गोठलेलं सरोवर, वादळ, संपत आलेला शिधा आणि पलीकडच्या काठाला निघालेली टोळी. ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं अशी. कोराने घरून भाजून आणलेली बटाटा-खिम्याची हॉटडिश ताटल्यांत तशीच निवली होती.

मारित मात्र वादळाने घाबरली नव्हती. नवी गोष्ट रचण्याआधी लाइल प्रत्येकाला एकेकट्याने विचारायचा, खेळात काय नको. रीतच होती तशी. ड्वाइट म्हणाला होता, कोळी नकोत. मारित म्हणाली होती, बर्फ फुटायला नको. का, ते विचारायचं नसतं. लाइलने विचारलं होतं. आणि जुना मित्र म्हणून, आईलाही कधी न सांगितलेलं तिने त्याला सांगितलं होतं.

विसरला असेल, ती स्वतःला म्हणाली. माणूस विसरतो.

"टोळीतला पोरगा पाण्यात गेलाय," लाइलने आवाज उतरवला. "त्याचा हात तुझ्या हातात आहे, मारित. तो ओरडत नाही. तुझ्याकडे बघतो आणि म्हणतो, आईला सांगू नकोस हं."

हे शब्द मारितच्या बुडून गेलेल्या भावाचे होते. ते तिने एकटीने ऐकले होते.

"बापरे!" कोरा म्हणाली. "लाइल, मेल्या, कुठून सुचतं रे तुला हे?"

"सुचतं आपलं," लाइल म्हणाला आणि चक्क खूश दिसला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"खेच ना, मारित!" ड्वाइट अर्धा उभा राहिला. "बघतेस काय?"

"तुझ्या कोपराखालचा बर्फ वाजायला लागलाय," लाइल म्हणाला. "धरतेस की सोडतेस?" त्याने फासे तिच्यापुढे सरकवले.

तिने ते परत सरकवले. "सोडते."

"अगं, टाकून तरी बघ! वाचेलही कदाचित!"

"तिथे फासे नसतात, ड्वाइट. कोपराखाली बर्फ वाजला की आपण हात सोडतो. मग घरी येऊन सांगतो, हातमोजा निसटला म्हणून. आईला ते खरं वाटतं."

ड्वाइट हळूच खाली बसला. कोराला कळायला क्षणभर लागला, मग ती लाइलकडे बघत राहिली.

"काय नको ते सांग, म्हणाला होतास ना?" मारितने विचारलं. "मी सांगितलं. हे करायला सांगितलं होतं का रे?"

"अगं, पण मी कुणाचं नाव घेतलं का? यांना कुठे काय माहीत होतं?"

"आणि त्याचा हात माझ्याच हातात दिलास?"

"दुसऱ्या कुणाला ते इतकं खरं वाटलं नसतं," लाइल म्हणाला. त्याला खरोखरच यात काही वावगं दिसत नव्हतं.

मारितने कोट चढवला. जिन्याच्या पायरीवरून तिने एकदा मागे वळून बघितलं. लाइलने मान खाली घातली होती. शरमला असेल, तिला वाटलं.

पण त्याची पेन्सिल चालत होती. "तिथे फासे नसतात," तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता आणि लिहून घेत होता.