निरोगी नमुना

धाकटीच्या दंडाला रबरी पट्टा आवळत ताईने बजावलं, ही शेवटची तपासणी. यातही काही निघालं नाही, तर मुकाट्याने उठायचं आणि कामाला लागायचं. धाकटी हो म्हणाली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

वर्ष होत आलं, ही पलंगाला खिळलेली. आंघोळ केली की दुपारपर्यंत गळून पडायची, उगाच रडायची. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ. ताई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, तेव्हा तिला कोण बनवणार! थकवा काय, तिलाही होता. हल्ली जिना चढताना ती मध्येच बसकण मारायची, भांडी घासता घासता डोळे भरून यायचे. पण म्हणून कोणी अंथरूण धरतं का?

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई अशाच न सरणाऱ्या थकव्याचा अभ्यास करत होत्या. शरीराचं सैन्य कधीकधी शत्रू गेल्यावरही लढतच राहतं, त्या धुमश्चक्रीत शरीरातच बनणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूपासून तयार होणारी द्रव्यं आपल्याच पेशींना पोळतात आणि माणूस अंगाने थकतो तसा मनानेही खचतो, असा त्यांचा कयास. ताडून बघायला सोबत निरोगी माणसाचं रक्त लागायचं, शक्यतो त्याच घरातलं. त्या सोबतच्या नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक. ताईने स्वतःची बाही वर केली. घरात धडधाकट अशी तीच.

निकाल आले तेव्हा बाईंनी तिला बोलावलं. धाकटीचे आकडे बरेच चढले होते. कामचोर, नाटकी, काय काय बोललो आपण त्या पोरीला! बाई मात्र अजून संगणकाच्या पडद्याकडेच बघत होत्या. एवढ्यावरून आजाराचं नाव घेता येत नाही, म्हणाल्या, पण सोबतचा नमुना निरोगी धरता येणार नाही. तो तर हिच्याहून वाईट आहे.

"ते माणूस घरी पडूनच असेल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "कामावर येतं."

घरी पोचताच तिने दारातच सगळं सांगून टाकलं. मग माफी मागायला ती पलंगापाशी आली. धाकटीने एकही टोमणा मारला नाही. कण्हत कण्हत ती भिंतीकडे सरकली आणि शेजारची जागा हाताने सारखी केली.

"ये," ती म्हणाली. "तुला कोणी 'पड जरा' म्हटलंच नाही ना?"