भगुन्याची कल्हई

धाकट्या सुनेला, महेश्वरीला, स्टीलची भांडी पाहिजे होती. मी सुनावलं, "ह्याच पितळी भगुन्यातलं चिंचेचं सार पिऊन माझी पाच लेकरं जगली. तुझीच दोन पोटात गेली, तुझी कूसच नाजूक." आता तिसऱ्या खेपेचा चौथा महिना, म्हणून रोज वाटीभर सार मीच तिला पाजते.

नात शिवानी कॉलेजात धातू ओळखायला शिकायलीय. मीच तिला डिवचलं, "ह्या भगुन्याची कल्हई तपास की. अस्सल कथील निघंल." तिनं आतून जरा खरवडून नळीतल्या तेजाबात टाकलं. कथील पांढरं होऊन तळाला बसलं. वरचं निवळ पाणी तिनं दुसऱ्या नळीत घेतलं आणि औषधाचा थेंब सोडला. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"शिसं हाय, आज्जी. आंबटात उतरतं. पोटातल्या लेकराला लय वाईट."

जुना कल्हईवाला वारला त्याला पाच वर्षं झाली, तवापासून कल्हई नव्याकडनंच. महेश्वरी ह्या घरात आली त्याला चार.

"सूनबाई, ठेव ती वाटी खाली."

ती पदराला तोंड पुसत बाहेर आली. "पिऊन झालं, आत्याबाई. तळाचं बी निपटून घेतलं, तुमी म्हणता तसं."