आपण कोणत्या बाजूने चढलात?

मॉरिशसच्या हिरोजी मास्तरांचं पत्र २००४ साली आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. कार्डिफच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी मॉरिशसच्या एका डोंगरधारेवरच्या पायवाटेचं वर्णन लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी मोठ्या आदराने विचारलं होतं, "आपण कोणत्या बाजूने चढलात?" मी कोणत्याच बाजूने चढलो नव्हतो. लायब्ररीत चार पुस्तकं उघडून लेख लिहिला होता.

दोन वर्षांनी मंडळाची सहल नेमकी तिथेच निघाली, माझ्या लेखाच्या प्रती घेऊन. गुडघ्यांचं कारण सांगून मी घरी राहिलो आणि लबाडी उघडी पडायची वाट बघत बसलो.

परत आल्यावर सेक्रेटरी वैजयंतीने भर सभेत माझा हात धरला. "काका, एक्झॅक्टली तुम्ही लिहिलंय तसंच! टॉपवरच्या त्या लाकडी बाकड्यावर बसून आम्ही दोन्हीकडचा समुद्र बघितला."

"फोटो?" मी घाबरत विचारलं.

"नेमकी तिथेच कॅमेऱ्याची बॅटरी गेली हो," सुश्रुत म्हणाला. हॉटेलच्या स्विमिंग पूलकाठी रापलेल्या बाकीच्या एकवीस माना एकदम डोलल्या.

ते बाकडं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. परिच्छेद कोरडा वाटला म्हणून मीच ते घातलं होतं.



दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना उत्तर पोस्ट केलं: "माफ करा, मी न येताच चढलो होतो. आमचे तेवीस जण तर तिथे येऊनही चढले नाहीत."