जाळीवरची पावलं

कांदा बाजाराच्या आवारात ट्रकांखाली आता जमिनीवर अंथरलेली, पाणी पिणारी प्लास्टिकची जाळी होती. खडीनं भरलेली, कितीही पाऊस कोसळो, चिखलाचं नाव नाही. म्हणून तर काल संध्याकाळी, पाऊस थांबताच हमालांचं कीर्तन तिथंच रंगलं. पण ही जाळी प्रत्येकाचं पाऊलही ओळखायची आणि त्याचे ठसे व्यवस्थापकाच्या टॅबलेटवर उमटवायची.

"गुडघा गेलाय म्हणून हलकं काम मागतोस," व्यवस्थापक देशमाने रंगनाथ हमालापुढं टॅबलेटचा पडदा धरत म्हणाला, "आणि काल तासभर नाचलास! जमीन खोटं बोलत नाही."

रंगनाथ उसळला. "अहो, देवाचं नाव निघालं की पाय कुणाचं ऐकतात का?"

शेवंताआक्का पाटी टाकून पुढं आली. "नीट बघा की साहेब, डोळे आहेत ना? सगळे ठसे उजव्या पायाचे. टाळकऱ्यांच्या खांद्याला धरून नाचला तो. डावा टेकवलाच नाही."

देशमानेनं पाहिलं. खरंच होतं. "मग झालं तर," तो हसला, "एका पायावर नाचता येतं, तर पोतंही उचलता येईल."

रंगनाथनं खांद्यावरचं फडकं झटकलं आणि लंगडत जाळीबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मागोमाग आक्का गेली, मग सगळे हमाल. अर्धे भरलेले ट्रक तसेच उभे राहिले. पडद्यावर आता एकाच माणसाची पावलं दिसत होती, देशमानेची.

कट्ट्यावर टाळ वाजू लागले.