उडत्या घराचं माहेर

द्वारकाबाईंचं घर सोलापूरचं जोतं सोडून नागपूरला उडायच्या बेतात होतं. जिथे जागेचा भाव चढेल तिथे उडत जाऊन टेकायचं, हे त्यांच्या मुलाने, हर्षदने ते विकत घेतानाच त्याला शिकवून ठेवलं होतं.

"आई, उंबऱ्यावरून आत ये. दार लागतंय."

"आणि संध्याकाळी रेवा येतेय बाळंतपणाला, तिला काय सांगू? तुझं माहेर ढगात आहे?"

"तिला नवा पत्ता पाठवलाय."

"मागेही पाठवला होतास. पोर कोल्हापुरात पोचली, तोवर हे उडून गेलेलं आणि तिथे परक्याचं घर टेकलेलं. पाणीसुद्धा न पिता माघारी गेली."

"अगं, ही गुंतवणूक आहे!"

"मग बस तिच्यात. मी पोरीची आई आहे, तुझ्या घरातलं कपाट नाही."

भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या खाली उतरल्या. घर वर उठलं, तशी खिडकीतून हर्षदची हाक आली. त्यांनी मान वर केली नाही. माहेराला आलेल्या लेकीवरून तुकडा ओवाळून टाकायचा तो उंबऱ्यावर, आणि उंबरा तर आभाळात गेला होता. त्या उघड्या जोत्यावर रस्त्याकडे डोळे लावून बसल्या.

दिवेलागणीला रेवा, भावाच्या नव्या पत्त्यावर भरवसा न ठेवता, पोट सांभाळत जुन्याच जागी आली. तिने रिकामी जागा पाहिली, आईकडे पाहिलं. मग जिथे दार असायला हवं होतं तिथे थांबून तिने चपला काढल्या.